सहा कवितांची किंमत : न्यूझीलंडच्या एका कविता-वार्षिकाची गोष्ट



ईस्ट टामाकीत राहणारे आम्ही चार-पाच जण महिन्यातल्या एका रविवारी दुपारी एकत्र बसून ह्या पत्रिकेची जुळवाजुळव करतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. एक जण टाइप करतो, एक जण ऱ्हस्व-दीर्घ बघते, एक जण पाकिटांवर पत्ते चिकटवतो आणि बाकीचे चहा पीत सूचना करतात. गेल्या खेपेला आमच्यातल्या एकीची नात टेबलाच्या टोकाला गृहपाठ घेऊन बसली होती. इथल्या शाळेत ती अकरावीत आहे, म्हणजे वय वर्षं पंधरा. इंग्रजीच्या बाईंनी कविता लिहून आणायला सांगितली होती. पेन्सिल चावता चावता तिने विचारलं, "आजी, कविता लिहिली तर ती छापतं कोण? तुम्ही छापाल?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. हाच प्रश्न पूर्वी एका मुलीने आम्हाला विचारला होता, आणि तेव्हा दिलेलं उत्तर आजही आम्हाला टोचतं. ते पुढे सांगतोच. नातीला मात्र तेवढ्यापुरतं म्हणालो, "बघून सांगतो." आणि खरंच बघितलं. लायब्ररीत गेलो, पुस्तकं मागवली, वाचली. जे सापडलं ते ह्या अंकात सगळ्यांनाच सांगावं असं ठरलं. बाळगोपाळांनो, तुमच्यासाठी मुद्दाम सोपं करून लिहितो आहोत. अडलं तर आजी-आजोबांना विचारा. आणि आजी-आजोबांनो, तुम्ही हे मुलांना मोठ्याने वाचून दाखवा.

तर, ह्या देशात फक्त कवितेला वाहिलेलं एक प्रकाशन आहे. ते सुरू झालं १९५१ साली. आज त्याचं नाव 'पोएट्री आओतेआरोआ इयरबुक', म्हणजे न्यूझीलंडच्या कवितेचं वार्षिक. इथलं सगळ्यात जास्त काळ चालत आलेलं कवितेचं नियतकालिक म्हणून ते ओळखलं जातं. पण चालत आलं म्हणजे अखंड चाललं असं नव्हे. ते दोनदा बंद पडलं, त्याचं नाव अनेकदा बदललं, आणि दर खेपेला कुणीतरी नवाच माणूस येऊन त्याने ते उचललं.

या, बसा

हे वार्षिक काढणारे गृहस्थ म्हणजे लुई जॉन्सन. जन्म १९२४ चा, पेशाने पत्रकार, आणि स्वतः कवी. तेव्हा ते वेलिंग्टनला राहत. जेम्स के. बॅक्स्टर आणि अॅलिस्टर कॅम्बेल हे त्यांचे कविमित्र. ह्या मंडळींना लोक 'वेलिंग्टनचा कंपू' म्हणत.

त्या वेळी न्यूझीलंडात चांगली वाङ्मयीन मासिकं अगदी मोजकी होती. सगळ्यात वजनदार 'लँडफॉल'. ते १९४७ साली डनेडिनहून चार्ल्स ब्रॅश ह्यांनी सुरू केलं. आपल्या वाचकांना ऐकून बरं वाटेल, की ब्रॅश हे डनेडिनच्या एका ज्यू घराण्यातले. त्यांच्या आईच्या माहेरचं हॅलनस्टाइन ह्या मोठ्या व्यापारी कुटुंबाशी नातं होतं. पण 'लँडफॉल'मध्ये कथा, लेख, परीक्षणं सगळंच असे. कवितेच्या वाट्याला पानं थोडी, आणि ब्रॅश ह्यांची चाळणी बारीक. नवख्या कवीने जायचं कुठे?

जॉन्सन ह्यांनी ठरवलं, की वर्षातून एकदा फक्त कवितांचं पुस्तक काढायचं. नाव ठेवलं 'न्यूझीलंड पोएट्री इयरबुक'. नावाजलेले कवी त्यात असतच, पण त्यांच्या शेजारी ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही असाही कवी असे.

हे सगळ्यांना आवडलं नाही. ऑकलंडला अॅलन कर्नो नावाचे मोठे कवी आणि समीक्षक होते. १९५१ सालीच ते इथल्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायला आले. त्यांचं म्हणणं असं, की इतक्या कविता छापायच्या म्हणजे कस पातळ करायचा. शिवाय न्यूझीलंडच्या कवितेत न्यूझीलंड दिसलं पाहिजे. इथली जमीन, इथला समुद्र, जगापासून दूर असण्याची भावना त्यात उतरली पाहिजे. जॉन्सन आणि त्यांच्या मित्रांना वाटे, की कवी आपल्या घराविषयी, शेजाऱ्यापाजाऱ्यांविषयी, नवरा-बायकोच्या भांडणाविषयी लिहील, आणि तेही तितकंच इथलं असेल. भांडण इतकं पेटलं की कर्नो ह्यांनी पेंग्विनसाठी तयार केलेला न्यूझीलंडच्या कवितांचा मोठा संग्रह अडकून पडला. बॅक्स्टर, कॅम्बेल आणि जॉन्सन ह्यांनी हरकती घेतल्या होत्या. शेवटी तो संग्रह १९६० साली निघाला.

आपल्या भाषेत सांगायचं तर कर्नो हे यादी वाचून पंगतीला बसवणारे, आणि जॉन्सन दारात उभं राहून "या, बसा" म्हणणारे. लग्नघरात दोन्ही माणसं लागतात, हेही खरं. यादी नसेल तर जेवण पुरत नाही. पण आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना "या, बसा" म्हणणारा माणूस जास्त जवळचा वाटतो. समजा, आमच्यातल्या कुणी ईस्ट टामाकीच्या स्वयंपाकघरात बसून रेवदंड्याच्या माडांवर कविता लिहिली, तर ती कुठली? इथली की तिथली? जॉन्सन ह्यांच्या दारात हा प्रश्न कुणी विचारला नसता असं आम्हाला वाटतं.

ज्याला हे दार मिळालं नाही

ह्या दाराची गरज किती होती ते एका माणसावरून कळतं. कार्ल वोल्फस्केल हे जर्मनीतले ज्यू कवी. जन्म १८६९ चा, डार्मस्टाट गावचा. तरुणपणी म्युनिकच्या कविमंडळात त्यांचं मोठं नाव होतं. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी देश सोडला आणि १९३८ साली ते ऑकलंडला येऊन पोचले. तेव्हा ते सत्तरीच्या जवळ आले होते आणि त्यांना दिसायचंही फार कमी. इथल्या तरुण लेखकांना त्यांच्याविषयी आदर होता. लेखक फ्रँक सार्जसन, कवी फेअरबर्न आणि मेसन ह्यांच्याशी त्यांची ओळख होती. पण वोल्फस्केल लिहीत जर्मनमध्ये, आणि त्या वेळच्या ऑकलंडमध्ये जर्मन कविता वाचणार कोण, छापणार कोण? १९४८ साली ते इथेच वारले. वार्षिक सुरू व्हायला अजून तीन वर्षं होती.

वायकुमेटेच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. दगडावर लॅटिनमध्ये दोनच शब्द कोरले आहेत, 'एक्झुल पोएटा'. म्हणजे परागंदा कवी.

आपल्या वडीलधाऱ्यांना आम्ही हे मुद्दाम सांगतो आहोत. पाऊणशे वर्षांपूर्वी ह्याच शहरात एक म्हातारा माणूस घरात बसून अशा भाषेत लिहीत होता जी शेजारच्या कुणाला येत नव्हती. आपल्यातल्या कितीतरी जणांची तीच गत आहे.

सहा कविता

आता मुख्य गोष्ट.

कवितेचं मासिक चालतं कसं, ते आधी बघू. बाळांनो, कवी कविता पाठवतात, संपादक त्या वाचून निवडतो, छापखाना छापतो. कागद, छपाई, टपाल ह्याला पैसे लागतात. आणि कवितेची पुस्तकं विकत घेणारे लोक जगात सगळीकडेच थोडे. त्यामुळे खर्च आणि विक्री ह्यांचा मेळ कधीच बसत नाही. मग कुणाची तरी मदत घ्यावी लागते. न्यूझीलंडात सरकारने १९४६ साली लेखकांच्या मदतीसाठी एक वाङ्मय निधी उभारला होता. जॉन्सन ह्यांच्या वार्षिकालाही त्या निधीतून पैसे मिळत.

अकराव्या अंकाच्या वेळी मात्र गाडी अडली. निधीच्या समितीला त्यातल्या सहा कविता पसंत पडल्या नाहीत. ह्या सहा कविता सरकारी पैशाने छापण्याजोग्या नाहीत, त्या काढल्यात तर अनुदान देऊ, असं समितीचं म्हणणं पडलं.

सहाच कविता! अख्ख्या पुस्तकात सहा म्हणजे काय? कुणीही व्यवहारी माणूस म्हणाला असता, काढा त्या सहा आणि बाकीच्या वाचवा. जॉन्सन ह्यांनी काढल्या नाहीत. अनुदान नाकारलं गेलं. त्यांनी अनुदानाशिवाय, सहाच्या सहा कवितांसकट अंक छापला. ते साल होतं १९६४. आणि तोच त्या वार्षिकाचा शेवटचा अंक ठरला.

हे वाचून झाल्यावर आमच्या टेबलाभोवती बराच वेळ कुणी बोललं नाही. कारण आता ती जुनी गोष्ट सांगणं भाग होतं.

काही वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एका मुलीने ह्या पत्रिकेसाठी कविता पाठवली होती. अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी. तिच्या आजीवर होती. आजीला विसरायला होत होतं, ती नातीला तिच्या वारलेल्या मावशीच्या नावाने हाक मारायची, रात्री उठून मुंबईच्या घराची किल्ली शोधायची. कविता चांगली होती, हे आमच्यापैकी प्रत्येकाला तेव्हाही कळलं होतं. पण त्यातल्या चार ओळी आम्हाला खटकल्या. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला, लोक काय म्हणतील, आजीच्या बहिणी वाचतील, असं आमचं म्हणणं पडलं. आम्ही कविता परत पाठवली आणि कळवलं, "चार ओळी काढ, मग छापू." तिचं उत्तर आलं, "मग राहू दे."

त्यानंतर तिने आमच्याकडे काही पाठवलं नाही. आजी पुढे वारली. त्या चार ओळी आम्हाला आज शब्दशः आठवत नाहीत, आणि आमच्याकडे कवितेची नक्कलही नाही. पण आजीविषयी आम्ही श्रद्धांजलीच्या पानावर जे छापलं, त्यापेक्षा त्या चार ओळींत जास्त खरं होतं, एवढं नक्की.

आम्ही काही सरकारी समिती नव्हतो. अनुदान द्यायला आमच्याकडे दमडी नव्हती. तरी वागलो तसंच.

पुन्हा कोण उचलतो?

जॉन्सन हरले असं कुणी म्हणेल. वार्षिक तर बंद पडलं. पण गोष्ट तिथे संपली नाही.

१९७१ साली फ्रँक मकाय ह्यांनी 'पोएट्री न्यूझीलंड' नावाने कवितांचे खंड काढायला सुरुवात केली. मकाय हे कॅथलिक धर्मगुरू आणि वेलिंग्टनच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. पुढे बॅक्स्टर ह्यांचं चरित्रही त्यांनीच लिहिलं. १९८४ पर्यंत असे सहा खंड निघाले. ते दर वर्षी निघत नसत, जमेल तसे निघत. मग पुन्हा खंड पडला.

१९९० साली ऑकलंडचे प्रकाशक ऑझ क्राउस ह्यांनी ते तिसऱ्यांदा सुरू केलं. आता नाव 'पोएट्री एनझेड', आणि वर्षातून दोन अंक. सुरुवातीला पाहुणे संपादक असत. मग संपादनाची सूत्रं अॅलिस्टर पॅटरसन ह्यांच्याकडे आली. पॅटरसन हे कवी, पण तरुणपणी न्यूझीलंडच्या नौदलात अधिकारी होते. आपण कोकणातली माणसं, दर्यावर्दी माणसाचं आपल्याला कौतुक! ह्या गृहस्थांनी २०१४ पर्यंत, वीस वर्षांहून जास्त काळ, हे तारू हाकलं. अंकात एका कवीला ठळक जागा देऊन त्याच्या बऱ्याच कविता एकत्र छापण्याची पद्धत त्यांच्या काळात चालू होती.

२०१४ मध्ये मॅसी विद्यापीठाच्या ऑकलंडमधल्या शाखेत शिकवणारे जॅक रॉस संपादक झाले. त्यांनी ते पुन्हा वर्षातून एकदा काढायला सुरुवात केली आणि 'इयरबुक' हा जॉन्सन ह्यांचा जुना शब्द नावात परत आणला. पुढे त्याचं प्रकाशन मॅसी विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेकडे गेलं. २०२१ च्या अंकापासून हॅमिल्टनच्या वायकाटो विद्यापीठातल्या ट्रेसी स्लॉटर संपादक झाल्या.

आता मुलांसाठी एक गंमत. २०१४ च्या वार्षिकाचा अनुक्रमांक आहे ४९. वर्षाला एक अंक धरून १९५१ पासून मोजाल तर हिशोब जुळत नाही. का? कारण हे आकडे १९९० पासूनचे आहेत. त्याआधीचे जॉन्सन ह्यांचे ११ आणि मकाय ह्यांच्या काळातले ६ त्यात धरलेले नाहीत. म्हणजे अंकावरचा आकडा एक सांगतो आणि इतिहास दुसरं सांगतो. पण नंतरच्या संपादकांनी आपला जन्म १९५१ चाच मानला. जॉन्सन ह्यांच्याशी त्यांचं रक्ताचं नातं नव्हतं, छापखाना वेगळा, गाव वेगळं, नावही वेगळं. तरी "आम्ही त्यांचेच" असं त्यांनी म्हटलं. म्हणून हे वार्षिक इतकं जुनं आहे.

आपल्याकडची उदाहरणं

हे फक्त इथलंच आहे असं समजू नका. जॉन्सन आणि कर्नो भांडत होते त्याच सुमाराला मुंबईतही हीच लढाई चालू होती. तिथे मौजेचं 'सत्यकथा' होतं. त्यात कविता येणं म्हणजे कवीचं सोनं झालं असं मानत. ज्यांना तिथे जागा नव्हती किंवा नको होती, त्या तरुणांनी स्वतःच्या पदरचे पैसे घालून छोटी छोटी अनियतकालिकं काढली. १९६९ साली तर त्यांच्यातल्या काहींनी 'सत्यकथे'चा अंक जाळला. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं, आणि त्या बहुतेक अनियतकालिकांचं आयुष्य तर त्याहून कितीतरी कमी.

आणि आपले निस्सीम इझिकेल? जन्म १९२४ चा, म्हणजे जॉन्सन ह्यांच्याच वयाचे. बेने इस्राएल घरात वाढलेले, इंग्रजीत लिहिणारे, पण इंदिरा संतांच्या मराठी कविता वृंदा नाबर ह्यांच्याबरोबर इंग्रजीत नेणारे. त्यांनीही 'पोएट्री इंडिया' नावाचं फक्त कवितेचं त्रैमासिक काढलं होतं. ते १९६६-६७ ह्या दोन वर्षांत निघालं आणि थांबलं. इझिकेल २००४ साली वारले. त्यांचं नाव राहिलं, पण त्यांचं त्रैमासिक पुढे कुणी उचललं नाही.

ह्याच्या उलट उदाहरण धुळ्याचं. तिथे कवी पुरुषोत्तम पाटील ह्यांनी १९८५ साली 'कवितारती' सुरू केलं. फक्त कविता आणि कवितेविषयीचं लेखन. मुंबई नाही, पुणे नाही, धुळ्यासारख्या गावातून त्यांनी ते तीस वर्षं चालवलं. २०१७ साली ते वारले तोवर महाराष्ट्रातल्या कितीतरी कवींना 'कवितारती'ने पहिली ओळख दिली होती. पैसा तिथेही फार नव्हता. आलेली प्रत्येक कविता नीट वाचणारा एक माणूस होता.

आम्हाला ह्या सगळ्यातून एवढंच कळलं. पैशावाचून मासिक अडतं, हे खरं. पण ते मरतं कधी? थांबल्यावर "हे आमचं आहे" म्हणणारं कुणी उरत नाही तेव्हा. आणि तसं म्हणणारे कुठून येतात? ज्यांना कधीकाळी दारातून "या, बसा" म्हटलेलं असतं त्यांच्यातून. जॉन्सन ह्यांनी त्या सहा कविता काढल्या असत्या तर वार्षिक कदाचित आणखी चार वर्षं चाललं असतं. पण मग पुढच्यांना त्याचं वारस व्हावंसं वाटलं असतं का, हा प्रश्न आहे.

नातीला उत्तर

तर नातीला आम्ही सांगितलं: ह्या वार्षिकाने अलीकडच्या वर्षांत अकरावी, बारावी आणि तेरावीच्या मुलांसाठी कवितास्पर्धाही घेतली आहे, आणि जिंकलेल्या कविता मोठ्या कवींच्या बरोबरीने छापल्या आहेत. तू पाठवून बघ. छापली तर पेढे, नाही छापली तरी पेढे.

आणि तिच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, आम्ही छापू.

ह्या पत्रिकेत पुढच्या अंकापासून शेवटचं पान कवितेचं राहील. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, दोन्हींची भेळ करा. देवनागरी येत नसेल तर आजीला सांगा आणि ती लिहून घेईल. शुद्धलेखन आम्ही बघू. ओळी मात्र काढणार नाही. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना एक विनंती: एखादी ओळ खटकली तर आम्हाला फोन करा, रागवा, पण पोराला लिहू नकोस असं म्हणू नका. आपल्यानंतर ही पत्रिका कोण उचलणार, ह्याची काळजी आपण दर वर्षी करतो. उचलणारं पोर कदाचित तेच असेल.

ज्या मुलीची कविता आम्ही परत पाठवली होती, ती आता दुसऱ्या गावी नोकरी करते. तिला आम्ही पत्र लिहिलं आहे. चुकलो असं स्पष्ट लिहिलं आहे आणि ती कविता असेल तर पाठव अशी विनंती केली आहे. हा अंक छापायला जाईपर्यंत उत्तर आलेलं नाही. न आलं तर तो तिचा हक्क आहे. आलं तर कविता शेवटच्या पानावर येईल, त्या चार ओळींसकट.



ईस्ट टामाकीहून, आपली संपादक मंडळी